दोनशे बेचाळीस मिलिसेकंद

"बाई, तुमच्या लाईनीत खोट नाही," संपत हजारे म्हणाला. या महिन्यात पाचव्यांदा म्हणाला.

"खोट नाही? मग माझी गोळी लागत का नाही?" मी टेबलावर हात आपटला. "नेम मी धरते, घोडा मी दाबते आणि मरते कोण? मीच! हा कुठला न्याय?"

नवीन कनेक्शनची चौकशी करायला आलेले एक गृहस्थ शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते हळूच उठले आणि दाराजवळ जाऊन उभे राहिले.

"बाई, जरा हळू. लोकांना वाटेल खरंच पिस्तूल आहे तुमच्याकडं."

"असतं तर बरं झालं असतं. आधी तुझ्या त्या नेटच्या डब्यावर चालवलं असतं."

संपतचं ऑफिस विट्याच्या बसस्टँडमागे. निम्म्या गावाला इंटरनेट तोच देतो. त्याची बायको शाळेत माझ्या खो-खोच्या संघात होती, त्यामुळे तो मला उलटून बोलत नाही आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेते. तीस वर्षं मुलींच्या शाळेत पीटी शिकवली, वीस वर्षं खो-खोची पंच म्हणून शिट्टी फुंकली. हळू बोलायची मला सवयच नाही.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी मी 'खंदक' खेळते. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून एकमेकांवर बंदुका चालवतात तो गेम. दोघादोघांच्या जोड्या, समोर दुसरी जोडी, मधे पडक्या भिंती आणि खंदक. पन्नाशीच्या पुढच्यांचा गट वेगळा. माझी जोडीदार रेहाना मुलाणी. कॉलेजात आम्ही एकाच संघातून खो-खो खेळलो. आठ वर्षांपूर्वी ती मुलाकडे ऑस्ट्रेलियात पर्थला गेली. रोज दुपारी चारला आम्ही मैदानात उतरतो, तिच्याकडे तेव्हा साडेसहा झालेले असतात.

लोक विचारतात, बोलायचंच असेल तर फोन का करत नाही? केला की! फोनवर काय होतं, तब्येत कशी, सून कशी, हवा कशी, संपलं. पाच मिनिटांत दोघी गप्प. पण भिंतीआड दबा धरून बसलो, पलीकडून गोळ्या येतायत, की रेहाना बोलायला लागते. नवरा गेला तेव्हा ती धड रडलीसुद्धा नव्हती. सहा महिन्यांनी, मी तिच्या बंदुकीत गोळ्या भरत असताना, पहिल्यांदा रडली. तो एक तास आमचा आहे.

आणि आता तोच तास जाणार होता. पडद्यावर रोज लाल पट्टी यायची: 'जोडीतील दोघांच्या उशिरात तफावत वाढत आहे. सध्या १४१. तफावत १५० च्या वर गेल्यास जोडी रद्द होईल.'

"हे घे, फोटो काढून आणलाय," मी फोन संपतच्या नाकासमोर धरला. "एकशे एक्केचाळीस. मागच्या महिन्यात एकशे वीस होता. आमची जोडी फोडणार आहेत ते, कळतंय का तुला?"

संपतनं सुस्कारा सोडला, एक कोरा कागद ओढला आणि मला शिकवायला बसला. मला! पण खोटं का बोलू, त्यानं नीट समजावलं.

गेमचा मुख्य कॉम्प्युटर सिंगापूरला. मी विट्यात बटण दाबलं की ती खबर काचेच्या तारेतून प्रकाशाच्या रूपात तिकडे जाते. मोकळ्या जागेत प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो, काचेत दोनच लाख. शिवाय वाटेत मुंबई, चेन्नई, समुद्राखालची तार, प्रत्येक नाक्यावर थोडं थोडं थांबणं. जाऊन परत यायला माझ्या लाईनीवर ब्याऐंशी मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले ब्याऐंशी. "आता प्रकाशालाच यापेक्षा जोरात पळता येत नाही बाई, मी काय करू?" संपत म्हणाला.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी कंपनीनं 'पूर्वचाल' आणली. खेळणाऱ्याच्या घरातल्या नेटच्या डब्याकडून सगळ्या सवयी शिकून घ्यायच्या. हा माणूस दार दिसलं की कुठं वळतो, घाबरला की काय करतो, गोळी कधी झाडतो. मग त्याची खबर यायला उशीर झाला की वाट न बघता अंदाजानं पुढची चाल खेळून टाकायची. अंदाजाची खात्री शंभरात नव्वदच्या वर असेल तर तीच चाल कायम. खरी खबर मागाहून आली तरी ती कचऱ्यात. लॅगच्या, म्हणजे या उशिराच्या, नावानं बोंब मारणाऱ्यांची तोंडं एका रात्रीत बंद झाली. पुढं फोनवाल्यांनी, शेगडीवाल्यांनी, गाडीवाल्यांनी सगळ्यांनीच ती घेतली. माझा फोन तर हल्ली मी अर्धं वाक्य लिहिलं की उरलेलं लिहून पाठवूनही देतो, मेला.

"पूर्वचाल असून तफावत वाढतेय, म्हणजे उशीर फार मोठा आहे," संपत म्हणाला. "आणि तो तुमच्या टोकाला नाही. पर्थला माझी वायर जात नाही, बाई."

त्या दिवशी चारला मी रेहानाला फैलावरच घेतलं.

"तुझ्याच नेटची बोंब आहे. बदल ते! तौफिकला सांग."

तौफिक तिचा मुलगा. "सांगितलंय गं," ती म्हणाली. "नेट गं, नेट. इथं सगळ्यांचंच असंय."

"सगळ्यांचं कसं असेल? आणि व्हिडिओ चालू कर की. दीड वर्ष झालं तुझं तोंड बघून."

"व्हिडिओ लावला की आणखी अडकतं. डावीकडं बघ, डावीकडं!"

डावीकडून दोघं आले. रेहाना भिंतीआडून सरळ बाहेर पडली आणि दोघांना टिपलं. नेम अचूक, पण मला बघवेना. खो-खोत रेहानाची हूल अख्ख्या जिल्ह्यात गाजलेली. पळताना खांद्यानं डावीकडं झुकायची, पाठलाग करणारी तिकडं झेप घ्यायची आणि ही बया उजवीकडून निसटून हसत उभी. गेममध्येसुद्धा तिनं तीच तऱ्हा ठेवली होती. भिंतीच्या एका कडेला टोपी दाखवायची आणि दुसऱ्या कडेनं यायचं. गेलं वर्षभर मात्र सरळ जाते, सरळ मारते, सरळ मरते.

"हूल का देत नाहीस गं हल्ली?"

"वय झालं."

"बोटानं बटण दाबायला कसलं वय लागतं?"

 मला वाटलं, आळशी झालीय. त्या सामन्यात आम्ही हरलो. समोरच्या जोडीतला कुणी एक महाभाग मी गोळी झाडल्यावर दोन पावलं चालून मग मला मारून गेला. असल्या लोकांशी आमची गाठ घालून देतो कोण? जुळणी करणाऱ्या त्या यंत्राला डोळे आहेत की भोकं? तफावतीचा आकडा एकशे त्रेचाळीस झाला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी तेच केलं जे खो-खोवाली कुठलीही बाई करेल. फुलस्केप कागद घेतला आणि हरकत लिहिली.

आमच्यात हे रक्तातच असतं. सामना संपल्यापासून तीस मिनिटांच्या आत लेखी हरकत. तोंडी आरडाओरडा केला तर पंच ढुंकून बघत नाही. 'माननीय स्पर्धा समिती, यांस. विषय: उशिराच्या मोजणीतील अन्यायाबाबत.' दोन पानं लिहिली, कर्णधार म्हणून सही केली, फोटो काढून कंपनीच्या तक्रारखिडकीत टाकला. आणि शेवटी, वीस वर्षांच्या सवयीनं, एक ओळ घातली: 'निःपक्षपणासाठी दोन्ही जोड्यांच्या सर्व नोंदी माणसाकडून तपासाव्यात, आमच्याही.' पंच म्हणून मी प्रत्येक संघाला हेच शिकवलं होतं. आपली बाजू स्वच्छ असेल तर आपलं पुस्तक आधी उघडायचं.

रेहानाला सांगितलं तर तिचा आवाजच बदलला.

"मागे घे ती हरकत."

"का? आपण काय चोरी केलीय?"

"तसं नाही जयमाले. उगाच कशाला? आकडा वाढला तर वाढू दे, बघू."

"बघू म्हणजे? जोडी फुटेल ना! तुला काहीच वाटत नाही का?"

"मला काय वाटतं ते तुला..." ती थांबली. "मागे घे, एवढंच सांगते."

"नाही घेणार."

तिनं गेम बंद केला. चार दिवस आली नाही. मी इथं एकटीच धुमसत बसले. मला वाटलं, ही पहिल्यापासून अशीच भित्री, तक्रार करायची म्हटली की मागे सरते. देवा, काय काय वाटून घेतलं मी तिच्याबद्दल.

नवव्या दिवशी समितीचं उत्तर आलं. शुद्ध मराठीत, सोबत नोंदींचा तक्ता. मी चष्मा पुसून वाचायला बसले.

माझी ओळ आधी. तारेचा उशीर ब्याऐंशी. दिसल्यापासून बोट हलेपर्यंतचा, म्हणजे माझा स्वतःचा उशीर, दोनशे नव्वद. एकूण तीनशे बहात्तर.

खाली रेहानाची ओळ. तारेचा उशीर चौपन्न. माझ्यापेक्षा कमी! तिचं नेट माझ्या नेटपेक्षा उत्तम होतं. खेळाडूचा स्वतःचा उशीर पाचशे साठ. एकूण सहाशे चौदा.

मी तो आकडा तीनदा वाचला. मग मागच्या दोन वर्षांचे आकडे वाचले. दोनशे ऐंशी. तीनशे तीस. चारशे दहा. चारशे नव्वद. पाचशे साठ. पायरी पायरीनं चढत आलेले.

खाली समितीनं स्पष्टीकरण दिलं होतं. जुळणी करणारं यंत्र फक्त एकूण बेरीज बघतं. उशीर तारेतला आहे की माणसातला, हे त्याला कळत नाही, आणि म्हणून पूर्वचाल दोन्ही सारखेच भरून काढते. या हंगामात रेहाना मुलाणी यांच्या नावावरच्या शंभरातल्या एकाहत्तर गोळ्या त्यांनी झाडण्याआधीच पूर्वचालीनं झाडल्या होत्या. तार निर्दोष असताना एवढी मदत नियमात बसत नाही. सबब मदत काढून घेण्यात येत आहे. खरी तफावत दोनशे बेचाळीस. पुढच्या दहा सामन्यांत ती दीडशेच्या आत न आल्यास जोडी रद्द. हरकत घेतल्याबद्दल आभार.

आभार! कपाळावर हात मारून घेतला मी.

आणि मग हुलीचं कोडं उलगडलं. ते यंत्र सगळ्यात जास्त शक्यता असलेली चाल खेळतं. हूल म्हणजे तर मुळात, जे कुणाला वाटत नाही ते करणं. ती अंदाजात बसतच नाही. रेहाना हूल देत असेलही, बिचारी. तिचं बोट पोचेपर्यंत यंत्र सरळ चालून गेलेलं असायचं. वर्षभर मी निम्म्याहून जास्त वेळ एका डब्याबरोबर खेळत होते आणि त्याला आळशी म्हणत होते.

मी सरळ फोन लावला, व्हिडिओवर. तिनं तो बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा बंद. पाचव्यांदा उचलला.

दीड वर्षानं तिचा चेहरा दिसला. बारीक झाली होती. चेहऱ्यावरचं ते सदाचं मिस्कील हसू कुठं गेलं होतं कुणास ठाऊक, नुसतीच बघत होती.

"हात दाखव," मी म्हटलं.

"वाचलंस का?"

"रेहाना, हात दाखव."

तिनं उजवा हात वर धरला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, आपोआप, थांबतच नव्हती. तिनं दुसऱ्या हातानं तो धरला आणि मांडीवर ठेवला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. आधी अक्षर बारीक यायला लागलं. मग सदऱ्याचं बटण लागेना."

"आणि तौफिकला दिसलं नाही? घरात राहतो ना तो?"

"कसं दिसणार? फोन माझं लिहून टाकतो. शेगडी मी हात पुढं केला की लागते. गाडी स्वतः चालते. सगळी यंत्रं माझं अर्धं काम संपवून टाकतात जयमाले, मी नुसती सुरुवात करते. आणि त्याला सांगितलं तर नातवाला माझ्या कडेवर देणार नाहीत."

"मला का नाही सांगितलंस? मी रोज तुझ्या नेटला शिव्या घालत होते! रोज! लाज नाही वाटली तुला?"

"तुला सांगायचं?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या आवाजात धार आली. "तुला? तू मला बाहेर बसवलं असतंस."



दोन हजार एकची विद्यापीठाची फायनल. मी कर्णधार. उपांत्य सामन्यात रेहानाचा गुडघा दुखावला होता. ती म्हणत होती, काही नाही, खेळते मी. मी तिला मैदानाला एक फेरी मारायला लावली, घड्याळ लावून. अर्ध्या सेकंदानं मागं पडली, आणि सगळ्या मुलींसमोर मी तिला बाहेर बसवलं. आम्ही जिंकलो. ट्रॉफीसोबतच्या फोटोत ती कडेला उभी आहे, ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून. सदतीस वर्षांत त्यावर आम्ही दोघी एक अक्षर बोललो नव्हतो. मला वाटायचं, विसरली असेल.

"तो निर्णय बरोबर होता," ती म्हणाली. "म्हणून तर भीती वाटली."

"बरोबर कसला डोंबलाचा!" मी ओरडले. डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं कळलंच नाही. "एकवीस वर्षांची होते मी. अक्कल नव्हती. तुझ्या जागी उतरवलेल्या पोरीचं नावसुद्धा आठवत नाही मला, आणि तू मात्र रोज आठवतेस. ट्रॉफी कॉलेजच्या कपाटात गंजली. चुकले मी रेहाना. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं."

 मांडीवरचा हात हलत होता, तो तिनं आता लपवला नाही.

"आता काय करणार?" तिनं विचारलं. "जोडी फुटणारच."

"ते माझ्यावर सोड. पण आधी आज तौफिकला सांगायचं. आज म्हणजे आज. आणि उद्या डॉक्टर. नाही गेलीस तर मी इथनं त्याला फोन करते, मग माझं तोंड बघू नकोस."

"तसंही तू कुठं ऐकतेस कुणाचं."

"नाहीच ऐकत."

तिनं सांगितलं. रात्री तौफिकचा फोन आला. "मावशी, रोज एकाच टेबलावर जेवतो आम्ही," एवढंच म्हणाला पोरगा आणि रडायला लागला. आठ दिवसांत तपासण्या झाल्या. कंपवात. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेली दोन वर्षं त्यांच्याकडे असे रोगी उशिराच यायला लागलेत. पूर्वी हातातून कप सांडला, सही बिघडली की घरच्यांच्या ध्यानात यायचं. आता कप सांडायच्या आत काहीतरी तो सावरतं आणि सही कुणी करतच नाही. रेहानाला गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला थोडे आठवडे लागतील, म्हणाल्या. हातांना रोज व्यायाम द्या, जे आवडतं ते करत राहा. आणि नातवाचं म्हणाल तर खाली बसून मांडीवर घ्या, कोण अडवतंय?

जे आवडतं ते करत राहा. अहो, पण कंपनी करू देईल तर ना!

मी खंदकाची नियमावली छापून घेतली. एकशे बारा पानं. पंचाची परीक्षा द्यायची असल्यासारखी पेन्सिल घेऊन वाचली. तफावतीचा नियम का आहे तेही त्यात लिहिलं होतं. काही बनेल लोक हळू हात चालणाऱ्या आजीला जोडीला घेतात, त्यामुळे यंत्र त्यांना सोप्या जोड्यांसमोर उभं करतं, मग हे एकटे सगळ्यांना झोडपतात. नियम बरोबरच होता. उशीर फसवून कमी दाखवायला बंदी, समोरच्याचा उशीर वाढवायला बंदी. स्वतःचा उशीर वाढवायला बंदी? एकशे बारा पानांत कुठंच नाही. असला खुळा विचार कुणाच्या डोक्यात येईल असं त्यांना वाटलंच नसावं.

मी उठले, चपला घातल्या आणि बसस्टँडमागे गेले.

मला दारात बघून संपत खुर्चीतून अर्धवट उठला. "बाई, आई शप्पथ सांगतो, काल रात्रीच तुमची लाईन तपासलीय. एकदम—"

"मला लॅग पाहिजे," मी म्हटलं.

"काय पाहिजे?"

"लॅग. उशीर. दोनशे बेचाळीस मिलिसेकंद. एक कमी नको, एक जास्त नको."

संपत हळूच खाली बसला. "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना? सरांना फोन लावू का?"

"माझ्या नवऱ्याला काय विचारतोस? मी विचारते ते सांग. करता येतं की नाही?"

"येतं," तो चाचरत म्हणाला. "तुमची खबर बारक्या बारक्या तुकड्यांनी जाते. माझ्याकडच्या यंत्रात प्रत्येक तुकडा तेवढा वेळ अडवून धरायचा, मग सोडायचा. पण बाई, पंधरा वर्षांच्या धंद्यात लोकांनी माझी कॉलर धरलीय ती लॅग घालवायला. लॅग मागायला आलेलं पहिलं माणूस तुम्ही!"

मग मी त्याला सगळं सांगितलं. रेहानाच्या हाताचं, एकाहत्तर गोळ्यांचं, सदतीस वर्षांपूर्वीच्या त्या फेरीचं. त्या यंत्राला तारेतला उशीर आणि माणसातला उशीर वेगळा कळत नाही, हे तर त्याच्या लगेच ध्यानात आलं. ऐकता ऐकता त्यानं कीबोर्ड पुढं ओढला.

"तुमची पूर्वचाल बंद ठेवा," तो म्हणाला. "नाहीतर ती हाही उशीर भरून काढेल. आणि बाई, लई त्रास होईल तुम्हाला. चिडचिड करू नका."

"मी? मी कधी चिडते?"

संपतनं नजर कीबोर्डवरच ठेवली.

पहिला सामना म्हणजे नुसता वैताग होता, काय सांगू तुम्हाला. मी दारातून वळायचं बटण दाबते आणि माझा गडी सावकाश, लग्नात जेवून उठल्यासारखा, भिंतीवर जाऊन आपटतो. मी गोळी झाडते तेव्हा समोरचा तिथून निघून गेलेला असतो. पाच मिनिटांत सहा वेळा मेले. दात-ओठ खात खेळले. आणि मधेच कधीतरी माझ्या ध्यानात आलं, की रेहाना दोन वर्षं रोज दुपारी हेच सोसत होती. ठरवायची एक, हात पोचायचा उशिरा, आणि वरून माझी बोलणी. त्यानंतर मी संपतच्या नावानं एकदाही बोटं मोडली नाहीत.

पडद्यावर आकडा आला: तफावत शून्य. जोडी समान.

"अगं, हे कसं झालं?" रेहाना म्हणाली.

"हरकतीचा परिणाम," मी म्हटलं. "सुधारली त्यांनी मोजणी."

"बघ, म्हणजे तुझी हरकत बरोबरच होती."

"मग? उगाच सही करते का मी?"

दहाच्या दहा सामने हरलो आम्ही. जोडी मात्र टिकली. यंत्रानं आम्हाला खालच्या गटात ढकललं आणि समोर आमच्यासारखेच सुस्त लोक यायला लागले. तिथं सगळं निवांत असतं. एकदा तर समोरची जोडी आणि आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना पाच मिनिटं बसून होतो. तेवढ्यात रेहानानं मला नातवाची पूर्ण कहाणी सांगितली.

सात आठवडे गेले. गोळ्यांचा गुण यायला लागला. तिचा आकडा मी रोज चोरून बघायची. सहाशे चौदा. पाचशे सत्तर. पाचशे दहा. चारशे ऐंशी. संपतला सांगून माझाही कमी करून घ्यायला हवा होता, पण दोन दिवस लाईनच्या कामासाठी तो गावाबाहेर होता.

त्या दुपारी आम्ही पडक्या शाळेच्या भिंतीमागे होतो. समोरच्या दोघांनी आम्हाला कोंडीत धरलं होतं. रेहानाची टोपी भिंतीच्या डाव्या कडेला दिसली. समोरून धडाधड गोळ्या तिकडे गेल्या. आणि ही बया उजव्या कडेनं बाहेर पडली आणि एकाला टिपलं.

हूल! सव्वा वर्षानं दिलेली, तिच्या स्वतःच्या हातानं दिलेली.

"दुसरा तुझा!" ती ओरडली. "जयमाले, मार! मार ना!"

मी बटण कधीच दाबलं होतं. पण ते विट्यात, संपतच्या डब्यात अडकून बसलं होतं. समोरच्यानं वळून आधी मला मारलं, मग तिला.

"अगं काय हे!" रेहाना कडाडली. असली कडाडली की मी कानावरचा हेडफोन लांब धरला. "समोर उभा होता! आंधळी झालीस का? झोपा काढतेस का तिथं? आता पुन्हा असं केलंस ना, तर बाहेर बसवीन तुला, सांगून ठेवते!"

 मी चष्मा काढून डोळे पुसले.

"बोल की! काय झालं?"

"नेट गं," मी म्हटलं. "नेट."

"मग बदल ते! त्या संपतकडं जा आणि चांगलं खडसाव त्याला. तुला तर सगळं मीच सांगावं लागतं. चल, लाव पुढचा डाव."